ससा गप्प बसतो, खाज बोलते

सशाच्या डॉक्टरकडे किस्से कसे साचतात, सांगू? सशाच्या लेंड्यांसारखे! आत्ता झाडून घेतलं म्हणावं आणि मागे वळून बघावं, तर पुन्हा तेवढाच ढीग. कुत्रं भुंकतं, मांजर फिस्कारतं, गाय हंबरते; आपलं दुखणं ती आपल्या तोंडानं सांगतात. ससा गप्प! मग त्याच्या वतीनं त्याची माणसं बोलत सुटतात, आणि माणसं बोलायला लागली की किस्सा होणारच.

माझा दवाखाना सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यावर. मी मूळची वाईची, लग्न होऊन इकडे आले. पाटीवर 'सर्व पाळीव प्राणी' असं लिहिलंय, पण हल्ली घराघरांत ससे आलेत. आणि ससा एकटा येत नाही हो! त्याच्या केसांत पाहुणे, कानांत पाहुणे, पोटात पाहुणे. लोक दारातूनच विचारतात, "मॅडम, सशाचं आपल्याला होतं का?" काही होतं, काही होत नाही. कुणाला काय होतं, तेच आता सांगते.

आधी मालनबाईंना ओळखून ठेवा. माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस. पन्नाशीच्या, तासगावच्या बाजूच्या, नऊवारी नेसणाऱ्या. वाघासारखं कुत्रं असलं तरी त्याचा जबडा अश्शा धरतात! पण सशाला टरकतात. "आवं मॅडम, कुत्र्याच्या मनात काय हाय ते त्येच्या तोंडावर दिसतंय. ह्ये मुकं लय वंगाळ. कवा लाथ घालंल, सांगता येत न्हाई!"

*

एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांच्या सशाच्या मानेवर कोंडा झाला होता. मी बघेपर्यंत त्यांनी तासाचं लेक्चरच सुरू केलं. ससा हा किती स्वच्छ प्राणी, दिवसभर अंग चाटतो, त्याच्यापासून माणसाला काही होणं शक्यच नाही वगैरे वगैरे. बोलता बोलता स्वतःची मान मात्र कराकरा खाजवत होते.

मी सशाचा कोंडा एका काळ्या कागदावर झटकला आणि भिंग आणायला आत गेले. बाहेरून मालनबाईंची किंकाळी!

"मॅडम, कोंडा चालाय लागलाय!"

खरंच चालत होता. सशाच्या केसांत माइट नावाचा एक बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसतो न दिसतो असा. कोंड्याचे कण पाठीवर घेतल्यासारखा हिंडतो. सशाला धरणाऱ्या माणसाच्या अंगावरही तो चढतो, चावतो, लाल पुरळ उठवतो. माणसाच्या अंगावर त्याचा संसार होत नाही, थोड्या दिवसांत मरून जातो. पण ससा बरा होईपर्यंत रोज नवीन फौज येतच राहते.

मी चिकटपट्टीवर एक माइट धरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सरांना म्हटलं, "बघा." सर वाकले. बराच वेळ वर बघेचनात.

"याला पाय किती हो?"

"आठ."

"आणि हा... उशीवर वगैरे राहू शकतो?"

"सर, तुम्ही सशाला तुमच्या उशीवर घेता?"

"छे छे!" सर म्हणाले. "त्याच्या उशीवर मी झोपतो!"

*

आता शबनमचा किस्सा. तो मी शेवटी सांगणार आहे, पण त्याची सुरुवात आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर तुमचा जीव टांगणीला कसा लागणार?

शबनम माधवनगरची. आजोबा कापडाच्या गिरणीत होते, अब्बांचं आता पडदे-चादरींचं दुकान. मुलगी बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि डोळे असे की समोरच्यानं खोटं बोलायचं विसरावं. तिची सशीण मखमल. पांढरीशुभ्र, आणि खाष्ट! परक्यानं हात पुढे केला की मागचे पाय धाडधाड आपटायची. मालनबाई तर तिला 'फौजदारीण' म्हणायच्या. शबनमच्या हातात मात्र तान्ह्या बाळासारखी, मान कोपराच्या खळग्यात खुपसून पडून राहायची.

पहिल्यांदा आली तेव्हा शबनमची अम्मी सोबत होती. रडवेली.

"मॅडम, निकाह तोंडावर आलाय आणि पोरगी दिवसभर खाजवतीया! हे बघा."

तिनं शबनमची बाही वर केली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, बरोबर कोपराच्या खळग्यात, लाल पुरळ. थोडं गळ्याखाली. मलम लावलं की जायचं, पुन्हा यायचं. मी मखमलच्या मानेवरचे केस बाजूला केले. चालता कोंडा!

मी हसून सांगितलं, काळजीचं कारण नाही, सशिणीला इंजेक्शन देऊ, थोड्या दिवसांनी पुन्हा देऊ, अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यातून काढा, पिंजरा धुवा. ती बरी झाली की मुलगी आपोआप बरी.

"म्हंजे सशिणीला बाहेर काढली की झालं!" अम्मी म्हणाली.

"मग मलापण बाहेर काढ!" शबनम म्हणाली.

अम्मीनं कपाळाला हात लावला. मग दार लोटून घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलगा साताऱ्याचा, इम्रान. स्वतःचं गॅरेज. "लय कष्टाळू, मॅडम! रविवारचंबी सांगलीला गाड्यांचे पार्ट न्यायला येतो. पर आमच्या दारात पाऊल टाकत न्हाई. आमच्यात मंगनी झाल्यावर निकाहपतोर पोरगा-पोरगी भेटत न्हाईत. त्याचंच बरं झालं बघा, त्यानं हिचा हात बघितलेला न्हाई!"

भीती त्याची नव्हती. भीती त्याच्या आईची होती, जुबेदाबींची. ही बाई म्हणे एक स्थळ मुलीच्या मानेवर पांढरा डाग आहे म्हणून नाकारून आलेली. तो डाग नंतर पावडरीचा निघाला! तिच्या कानावर 'मुलीला कातडीचा रोग' एवढंच जरी गेलं, तरी नातं तुटणार. आणि नातं तुटलं की गावात बोभाटा, मग दुसरं स्थळ कुठून येणार?

"कुणाला सांगू नका, मॅडम."

मी मान हलवली. मालनबाईंनीही हलवली. मालनबाईंच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मला घाम फुटला.

*

महिन्यातून एकदा मी वडूजला जाते. तिथे एका मित्राच्या दवाखान्यात बसते. तिकडे पेशंट म्हणजे शेळ्या-मेंढ्या. पण एकदा एक धनगर आबा आले, डोक्याला तांबडा पटका, काखेत टोपली. मागून त्यांची सूनबाई, रागानं लालेलाल. टोपलीत ससा. आणि तो ससा पिवळाधमक!

मालनबाई सोबत होत्याच. "आगं बाई, कावीळ!"

कावीळ कुठली! आबांनी त्याला भंडारा माखला होता. नखशिखांत! त्याच्या अंगाला खरूज झाली होती, आणि मेंढराला काही झालं की देवाचा भंडारा लावायचा, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी ससा उचलला आणि माझा पांढरा कोट पिवळा झाला, टेबल पिवळं, वजनकाटा पिवळा. ससा शिंकला, तेव्हा मालनबाईही पिवळ्या झाल्या.

"मॅडम, ह्यास्नी सांगा," सूनबाई म्हणाली, "ह्यो माझ्या माहेरचा ससा हाय. मी ह्येला घरात लेकरागत वाढवलाय. आन ह्ये म्हनत्यात, बकरूच हाय त्ये!"

आबा शांत. "उद्या मेंढरं औषधाच्या हौदातनं काढायची हायती. त्येच्यासंगट ह्येलाबी बुडवून काढतो, सपलं!"

मी ओरडलेच! म्हटलं, आबा, सशाला पाण्यात बुडवायचं नाही, धसक्यानंच मरेल. शिवाय ते औषध त्याला विष. कुत्र्याचं औषधसुद्धा न विचारता लावायचं नाही, काही काही तर सशाच्या जिवावर उठतात. आणि ही खरूज तुम्हालाही खाजवेल, हात धुवा, आधी हात धुवा! आबा निमूटपणे नळाखाली उभे राहिले. सूनबाईच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद काय सांगू!

मी इंजेक्शन भरलं. आबांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ह्ये तर आमी मेंढरास्नी टोचतो त्येच औशिद!"

"होय आबा, तेच. फक्त अगदी थेंबभर."

आबा सुनेकडे वळले. "म्हनलं हुतं का न्हाई? बकरूच हाय त्ये. कान तेवढं लांब!"

*

आता सांगलीच्या एका वकिलांची गोष्ट. त्यांच्या दोन्ही मुलांना जंत झाले, आणि वकिलांनी त्याच दिवशी निकाल लावला: ससा दोषी! त्याला घराबाहेर काढून गॅरेजमध्ये ठेवला आणि मग माझ्याकडे आणला. आधी शिक्षा, मग चौकशी.

"याच्यामुळे झालं, लिहून द्या," म्हणाले.

मी सांगितलं की सशाचे जंत सशाचे, माणसाचे जंत माणसाचे. सशाचे सुतासारखे जंत माणसाला होत नाहीत. मुलांना होतात ते एकमेकांकडून, शाळेतून, नखांतून, न धुतलेल्या हातांतून. लेंड्या साफ करून हात धुवावेत हे खरंच, पण या खटल्यात ससा निर्दोष!

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. "मग आता?"

"मुलांच्या डॉक्टरांना विचारा. बहुधा घरातल्या सगळ्यांनाच गोळी घ्यायला सांगतील."

"सगळ्यांना? मी कशाला घेऊ?"

त्यांच्या सौभाग्यवती इतका वेळ सशाला कुरवाळत गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुख्य आरोपी तुम्हीच! नखं खायची सवय पोरांनी कुणाची उचललीय?"

ससा वकिलांच्याच गाडीतून घरी गेला. पुढच्या सीटवर बसून!

*

हा अगदीच छोटा. एका गृहस्थांचा फोन, आवाजाला कंप. "मॅडम, ससा स्वतःची लेंडी खातोय! पोटात जंत असणार, डोकंही फिरलं असणार!" मी समजावलं की सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. मऊ असते ती तो मुद्दाम खातो, त्यातला कस दुसऱ्यांदा घेतो; आजार नाही, तब्येतीचं लक्षण आहे. गृहस्थांना पटेना. नाही म्हणजे नाहीच!

शेवटी मालनबाईंनी फोन घेतला. "आवं दादा, कालची भाकरी आज दुधात कुस्करून खाताय का न्हाई? तसंच हाय त्ये!"

पलीकडून एकच वाक्य: "उद्यापासून बंद!"

*

सगळंच हसण्यासारखं नसतं बरं का. साताऱ्याचे एक सुभेदार निवृत्त होऊन मुलाकडे सांगलीला राहायला आले होते. त्यांच्या सशाची मान एके सकाळी एका बाजूला वाकडी झाली. ससा जगाकडे तिरपा बघायचा आणि गोल गोल फिरायचा. सुभेदार त्याच्यासमोर सावधानमध्ये उभे राहून हुकूम द्यायचे, "गर्दन सीधी!" ससा ऐकायचा नाही. आयुष्यात हुकूम न मानणारा हा पहिलाच जवान, म्हणायचे.

मी तपासलं. सशाच्या मेंदूत आणि मूत्रपिंडात घर करणारा एक सूक्ष्म परजीवी असतो, लघवीतून पसरतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. मी सवयीनं विचारलं, "घरात कुणी आजारी? कुणाची केमो वगैरे चालू आहे?"

सुभेदारांचा चेहराच उतरला. त्यांच्या पत्नीची चालू होती.

मला सांगताना फार जड गेलं. ज्याच्या अंगातली ताकद औषधांनी खालावलेली असते, त्याच्यासाठी हा धोका खरा आहे. कमी असेल, पण खरा. ससा वेगळ्या खोलीत, पिंजरा दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून साफ करायचा, काकूंनी त्याला हात लावायचा नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं. सोबत आलेल्या काकू एवढंच म्हणाल्या, "दिवसभर माझ्यापाशी तोच तर बसायचा."

सुभेदारांनी घरात सीमारेषा आखली! मागच्या खोलीच्या खिडकीला काच बसवली. काचेच्या अलीकडे काकूंची खुर्ची, पलीकडे ससा. महिनाभर सशाला तोंडातून औषध, सुभेदार स्वतः द्यायचे, वेळेला पक्के. ससा चालायला लागला, खायला लागला, पण मान थोडी तिरपी राहिली ती राहिलीच. काकूंचा उपचारही पार पडला. त्या दिवशी सुभेदार पेढे घेऊन दवाखान्यात आले. मला इतका आनंद झाला की मी पेशंट टेबलावर सोडून बाहेर धावले!

"मॅडम, एकच तक्रार आहे," सुभेदार म्हणाले. "काचेतून त्याच्याकडे बघून बघून आता हिचीच मान तिरपी झालीय!"

*

शबनमकडे वळू. मखमलला औषध द्यायला ती न चुकता येत होती. नेहमी रविवारी. रविवारी मी सकाळीच थोडा वेळ दवाखाना उघडते, तरी ती रविवारच मागायची. "अम्मीला कशाला त्रास, मी एकटीच आणते." टोपली घेऊन यायची, औषध झालं की लगबगीनं जायची. मी मालनबाईंना म्हटलं, बघा, औषधाच्या बाबतीत असा मालक हवा! मालनबाई म्हणाल्या, "व्हय, पर दवाखान्याला येताना कुनी अत्तर लावतंय व्हय?"

मखमल बरी होत होती. शबनमचा हातही सुकत आला होता, बारीक खपल्या धरल्या होत्या. मी खुशीत होते. आणि तेवढ्यात अम्मीचा फोन.

"मॅडम, घात झाला! कुणीतरी साताऱ्याला कळवलं. जुबेदाबी येत्यात!"

मी मालनबाईंकडे बघितलं. त्यांनी गळ्याची शप्पथ घेतली, डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा पटलं. नंतर कळलं की मलम देणाऱ्या दुकानदाराची मावशी साताऱ्याची.

*

जुबेदाबी येईपर्यंत अजून एक. माझी एक मैत्रीण सांगलीत कातडीची डॉक्टर आहे. माझ्यामुळे तिला आता सवय लागलीय, खाज सुटलेला माणूस आला की पहिला प्रश्न: "घरात ससा आहे?" तिनं नाव न सांगता मला एका पेशंटची गोष्ट सांगितली.

एक हवालदार. भरघोस मिशा, आवाज असा की खिडकीच्या काचा हलाव्यात. पुरळ कुठे? उजव्या खांद्यावर आणि मानेच्या उजव्या बाजूला. मैत्रिणीनं विचारलं, ससा आहे? आहे, म्हणाले, पण तो मुलीचा, मी हातही लावत नाही. बायको शेजारीच बसली होती. मैत्रीण म्हणाली, "हवालदारसाहेब, सशाची खाज खोटं बोलत नाही. ज्यानं सशाला मांडीवर घेतलं त्याच्या मांडीला, ज्यानं छातीशी धरलं त्याच्या छातीला. ससा जिथे टेकला तिथेच ती उठते."

हवालदारांनी बायकोला पाणी आणायला बाहेर पाठवलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "बंदोबस्तावरनं आलो की त्येला खांद्यावर घेऊन अंगाई म्हनतो. पर ह्ये स्टेशनात कळता कामा नये!"

*

तर जुबेदाबी आल्या.

शबनमच्या घरी चहा नाही, पाणी नाही. उंबऱ्यातच म्हणाल्या म्हणे, "पोरीचा हात दाखवा." अम्मीनं रडत रडत सगळं खरं सांगून टाकलं: ससा, माइट, इंजेक्शन. जुबेदाबी म्हणाल्या, "सशाचा रोग पोरीला? मी असलं कुठं ऐकलं न्हाई. चला, डॉक्टरलाच विचारते."

आणि दुपारी माझ्या दवाखान्यात वरातच आली! पुढे जुबेदाबी, डोक्यावरून पदर, करारी चेहरा. मागे अम्मी, मग टोपली घेऊन शबनम, मान खाली. आणि अगदी शेवटी, गाडी चालवून आईला घेऊन आलेला इम्रान. तो दारातच थांबला. उन्हाळा कसला होता, माझा पंखा गरगर फिरत होता तरी आम्ही घामाघूम. आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावून! शबनमकडे चुकूनही बघत नव्हता. अम्मी मला हळूच म्हणाली, "बघा, किती खानदानी!"

जुबेदाबी खुर्चीवर बसल्या आणि उलटतपासणी सुरू झाली. वकील बरे म्हणायची वेळ आली!

"हे जन्मभर राहतं?"

"नाही. सशीण बरी झाली की संपलं. आणि ती बरी झालीय." मी मखमलला टेबलावर घेतलं. तिनं पाय आपटले. मानेवरून चिकटपट्टी फिरवली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, जुबेदाबींना बघायला लावलं. काहीच नव्हतं, फक्त केस. "आता हिला कुणीही खुशाल उचलावं."

"पोरीच्या रक्तात काय दोष?"

"काहीच नाही. हा हात बघा, सुकत आलाय." शबनमनं हात पुढे केला. कोपराच्या खळग्यात फिकट खपल्या, बस्स.

"उद्या माझ्या घरात आली, तर माझ्या पोराला होईल?"

अम्मीच्या ओठांवर दुवा चालू होती. माझ्या एका उत्तरावर एक लग्न अडकलं होतं, आणि मला उत्तर पक्कं माहीत होतं, म्हणून मी अगदी जोरात, ठामपणे, टेबलावर हात आपटून सांगितलं.

"अजिबात नाही! हे हवेतून होत नाही, फोनवरून होत नाही. ज्यानं ही आजारी सशीण स्वतः उचलून छातीशी धरली असेल ना, त्यालाच होतं. बाकी कुणालाही होत नाही!"

जुबेदाबींनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं! अम्मीनं डोळे पुसले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि मला आवाज आला. खर्र, खर्र, खर्र.

दाराच्या चौकटीला कोपर लावून इम्रान हात घासत होता. डावा हात. आतली बाजू. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता.

मालनबाईंनी माझ्या आधी बघितलं. मी डोळे वटारले, मान हलवली, पण मालनबाईंच्या पोटात काही राहिलंय का कधी!

"आवं, आन ह्यास्नी कशानं झालं?"

इम्रानचा हात जागच्या जागी थांबला. "डास," तो म्हणाला.

"बाही वर कर," जुबेदाबी म्हणाल्या.

"अम्मी, डासच—"

"इम्रान."

त्यानं बटण सोडलं, बाही वर सरकवली. कोपराच्या खळग्यात फिकट खपल्या. सुकत आलेल्या. अगदी तश्शाच!

पंखा तेवढा फिरत होता. शबनमचे ते डोळे फरशीत रुतले होते. माझ्या डोक्यात हवालदार, खांदा, रविवार, अत्तर, सगळं एकदम धडाधड येऊन आदळलं. अम्मी एकदा लेकीकडे, एकदा जावयाकडे बघत होती आणि तिच्या ओठांवरची दुवा अर्ध्यातच थांबली होती.

तेवढ्यात मखमलनं टेबलावरून उडी मारली. ही फौजदारीण! परक्याला बोट लावू न देणारी! टुणटुण उड्या मारत थेट दारात गेली आणि इम्रानच्या पायाशी दोन पायांवर उभी राहिली. तो सवयीनं वाकला. सवयीनंच तिला उचललं, आणि तिनं मान त्याच्या कोपराच्या खळग्यात खुपसून डोळे मिटले.

जुबेदाबी उठल्या. सावकाश चालत मुलापाशी गेल्या. मला वाटलं, आता संपलं सगळं! त्यांनी त्याच्या हातातून मखमल काढून घेतली, आपल्या छातीशी धरली, तिच्यावर पदर घातला, आणि सांगलीला दर रविवारी येणाऱ्या आपल्या कष्टाळू लेकाला विचारलं,

"व्हय रं, ह्यो कंच्या गाडीचा पार्ट?"